आईच्या माहेरचं आडनाव

आमच्या वर्गात हजेरी नंबरांनी होत असे. माझा नंबर आला की मी ‘हजर’ म्हणायचो, पण ते पुढच्या बाकापर्यंतही पोचत नसे. सर मान वर न करता गैरहजरी मांडून पुढे जायचे. आठवीत ती आमच्या डोंबिवलीच्या शाळेत नवीन आली आणि पहिल्याच आठवड्यात मुलींच्या रांगेतून आवाज आला, “सर, तो आलाय. बसलाय की तुमच्या समोर.” वर्ग हसला, सरही हसले. त्या दिवसापासून दहावी संपेपर्यंत माझी हजेरी तिनेच दिली.

प्रेम वगैरे शब्द आमच्यात कधी आला नाही. ती बोलायची, मी ऐकायचो. शाळा सुटल्यावर आम्ही एका कोपऱ्यापर्यंत बरोबर चालायचो. तिथून तिचा रस्ता एमआयडीसीकडच्या चाळींकडे वळायचा आणि माझा आमच्या बिल्डिंगकडे. तिचे वडील रंगाच्या कारखान्यात होते. “काल बाबा गुलाबी होऊन आलेले,” ती सांगायची. “आई म्हणाली, आता होळीचा खर्च वाचला.” मग माझ्याकडे बघून, “हस की रे. हसायला तर आवाज लागत नाही.” मी हसायचो. घरी गेल्यावर रात्री अंथरुणात पुन्हा हसायचो.

नववीत एकदा मी डब्यात आंब्याची डाळ नेलेली. चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू असायचं, गौर मांडलेली असायची, तेव्हाची उरलेली. तिने चिमूटभर तोंडात टाकली. “कच्ची आहे ही.” “भिजवलेली,” मी म्हणालो. “वाटून कैरी घालतात.” तिने डबा ओढून घेतला आणि परत दिला तेव्हा तो पुसल्यासारखा होता. “पुढच्या वर्षी तुझ्या घरी येऊन खाणार. ताजी.”

मी हो म्हटलं. ती खरंच येईल असं वाटलं नव्हतं.

तिचं आडनाव मला माहीत होतं. ते ऐकलं की ती बौद्धांची आहे हे आमच्याकडे कुणालाही लगेच कळलं असतं. माझ्या घरी कुणी कुणाला वाईट बोलत नसे, हे मला इथे लिहायलाच हवं. शिवी नाही, वेगळा कप नाही. फक्त नवीन कुणी आलं की पाणी पुढे करतानाच आई विचारायची, “आडनाव काय म्हणालात?” आणि उत्तर आलं की तिचा आवाज त्याप्रमाणे एक पट्टी वर किंवा खाली जायचा. सभ्यपणा दोन्ही पट्ट्यांत तेवढाच. लहानपणापासून ऐकून मला तो फरक दुसऱ्या खोलीतूनसुद्धा समजायचा.

दहावीची परीक्षा झाली. आम्ही निकालाची वाट बघत होतो. आमच्याकडे हळदीकुंकू होतं, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. मी स्वयंपाकघरात पन्ह्याचे पेले भरत होतो आणि दारातून तिचा आवाज आला. “काकू, मी ह्याच्या वर्गातली. हा काही बोलवणार नाही, म्हणून मीच आले.”

बायका खळखळून हसल्या. आईलाही ती पाहताक्षणी आवडली, हे मला बाहेर न येताच कळलं. मी ट्रे घेऊन बाहेर आलो. ती सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसली होती, पिवळा ड्रेस, दोन वेण्या. आईने कुंकवाची कुयरी पुढे केली तेव्हा ती क्षणभर थांबली. त्यांच्या घरी हे नसायचं. मग तिने कपाळ पुढे केलं. पाहुणी म्हणून आली होती, पाहुणीसारखी वागली.

डाळीचा द्रोण हातात देत आईने विचारलं, “आडनाव काय गं तुझं?”

तिने तोंड उघडलं होतं. ती सांगणार होती, ‘वाजले किती’ला उत्तर द्यावं तसं सहज. त्याआधी मी बोललो. तिच्याआधी मी बोललो असं आमच्या ओळखीत एकदाच झालं, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. जे पहिलं तोंडात आलं ते आडनाव मी सांगितलं. ते माझ्या मामाचं होतं.

“अगंबाई, म्हणजे माझ्या माहेरची,” आई म्हणाली. “मूळ कुठले गं तुम्ही?”

ती माझ्याकडे बघत होती. मी ट्रेकडे.

“बाबांना विचारून सांगते, काकू.”

“तरीच म्हटलं,” शेजारच्या काकू म्हणाल्या. “बोलणं ऐकलंत का? संस्कार लपत नाहीत हो.”

“आणि धीट किती. नाहीतर आमचा हा, ठोंब्या,” आई म्हणाली आणि तिने डाळीचा आणखी एक द्रोण भरला. “हा तुझ्या आईला ने. म्हणावं, नणंदेने दिलाय.”

बायका पुन्हा हसल्या. तीही हसली. ते हसू मी आधी पाहिलेलं नव्हतं.

तिला सोडायला मी जिन्यापर्यंत गेलो. आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. ती अर्ध्यावर थांबली.

“मला वाचवलंस असं वाटतंय ना तुला?”

मी मागे वळून आमच्या दाराकडे बघितलं.

“बाप आहे रे माझा. रोज रंगून येतो तो. त्याचं नाव तू का बदललंस?” ती ओरडली नाही. हातातल्या द्रोणाकडे बघून म्हणाली, “आणि ही डाळ आईला काय सांगून देऊ? कुठल्या नणंदेने दिली?”

मी काहीतरी पुटपुटलो. आई, शेजारच्या बायका, सणाचा दिवस, असंच काहीसं. तिने ऐकून घेतलं. एवढं झाल्यावरही तिने मला वाट काढून दिली, हे मला आजही सहन होत नाही.

“बरं, ऐक. चौदा तारखेला जयंतीची मिरवणूक तुमच्याच रस्त्याने जाते. लेझीमला मी पुढे असते. तू खाली ये. कुणाशी काही बोलायचं नाही. नाक्यापर्यंत नुसतं बरोबर चाल. येशील?”

“हो.”

“मोठ्यांदा.”

“हो.”

चौदा एप्रिलला संध्याकाळपासून मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. आईने विचारलं, कुठे जायचंय का. मी नाही म्हणालो. ताशा लांबून ऐकू यायला लागला तेव्हा मी उठलो, चपलेत पाय घातले आणि दाराशी उभा राहिलो. मिरवणूक आमच्या रस्त्यात वळली, काचा थरथरायला लागल्या. आई आतून म्हणाली, “खिडकी लाव रे, डोकं उठलं माझं.”

मी चपला काढल्या आणि खिडकीशी गेलो.

ती अगदी खाली होती. पांढरी साडी, निळी फीत, केस घामाने कपाळाला चिकटलेले. लेझीम खेळता खेळता ती वर बघत होती. मी दिसलो तशी हसली आणि मानेनेच म्हणाली, ये. शर्टाकडेही तिचं लक्ष गेलं असणार. मी आलोच, असं तिला वाटलं असणार.

मी एक झडप ओढली. मग दुसरी. कडी जरा घट्ट होती, ती लागायला वेळ लागला आणि काचेतून मला ती दिसत होती. ती खेळायची थांबली नाही. तिची ओळ पुढे सरकली, मागची आली.

निकालाच्या दिवशी गुणपत्रिका शाळेच्या ऑफिसातून मिळत होत्या. क्लार्क नंबर पुकारत होते. मुलींची रांग शेजारीच होती आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर, मैत्रिणींशी नेहमीसारखी बोलत. माझा नंबर पुकारला. मी ‘हजर’ म्हणालो. क्लार्कनी पुन्हा पुकारला. मी पुन्हा म्हणालो. तिचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबलं. तिने ऐकलं होतं. मग तिने मैत्रिणीला पुढचं सांगायला सुरुवात केली, आणि क्लार्कनी माझा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

तिच्या कॉलेजच्या आणि माझ्या कॉलेजच्या वाटा वेगळ्या होत्या. मी एकदाही तिच्या चाळीकडे गेलो नाही. आता ती कल्याणच्या कोर्टात वकिली करते. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती सगळ्यांची टर उडवते, सगळ्यांच्या वाढदिवसाला लिहिते. माझ्याही. माझ्यासाठी ‘शुभेच्छा’ एवढाच शब्द असतो. तिथे राग नाही. राग असता तर मी काहीतरी लिहिलं असतं, असं म्हणायची सोय झाली असती.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि आमच्याकडे ठाण्याला, नौपाड्यात असते. पुष्कळ गोष्टी विसरली. ती मुलगी विसरलेली नाही. दर चैत्रात डाळीची वाटी हातात आली की विचारते, “माझ्या माहेरची ती पोर कुठे असते रे? तिलाच सून करून घ्यायला हवी होती. पण तू तोंड उघडशील तर ना.” माझ्या बायकोने हे इतक्या वेळा ऐकलंय की तीही मला चिडवते. मी दर वर्षी ‘माहीत नाही’ म्हणतो.

यंदा बायको बाहेर गेली होती. आईने विचारलं आणि मी तिच्या समोर खुर्ची ओढून बसलो.

“आई, ती तुझ्या माहेरची नव्हती. ते आडनाव मी सांगितलं होतं. खोटं.”

“मग कुठली?”

मी तिचं आडनाव सांगितलं. आईला कमी ऐकू येतं, म्हणून ते मला मोठ्याने सांगावं लागलं. माझ्याच घरात मी ते पहिल्यांदा उच्चारत होतो.

आईने वाटीतली डाळ बोटांनी एका बाजूला गोळा केली. ती म्हणेल ‘मग काय झालं असतं?’ अशी मला इतकी वर्षं भीती होती. तसं ती म्हणाली असती तर माझ्याजवळ कसलीच सबब उरली नसती.

“मग बरं झालं हो,” आई म्हणाली. “निभावलं.” आणि थोड्या वेळाने, “डाळीत मीठ कमी आहे. सूनबाईला सांग.”

मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. बघ, आईने हो म्हटलंच नसतं, कशानेच काही बदललं नसतं, असं मी मनात म्हणालोसुद्धा. ते मनात पुरं व्हायच्या आत मला जिन्यातली ती आठवली. तिने आईचा होकार मागितला नव्हता. आईचा विषयही काढला नव्हता. मी एक जिना उतरून खाली यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आईने वाटी पुढे केली. मी उठलो आणि मीठ आणलं.