डोळे मिटून एक ओळ

दीपमालाताई रोज सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या, कीबोर्डवरून फडकं फिरवायच्या आणि डोळे मिटून एक ओळ टाइप करायच्या. ओळ अगदी साधी. 'आज सोमवार. दुकान उघडलं.' मंगळवारी मंगळवार. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तिथं टेकल्या की बाकीची बोटं आपापल्या घरी जातात, असं त्या म्हणत. मग डोळे उघडून ओळ तपासायच्या. चूक असली तर पुन्हा. बरोबर असली तर खोडून टाकायची आणि कामाला लागायचं.

माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचं टायपिंग त्यांच्याकडे होतं, म्हणून हडपसरला गाडीतळामागच्या त्यांच्या दुकानात माझं वरचेवर जाणं व्हायचं. एकदा त्या ओळीचं कारण विचारलं.

"तालीम आहे गं," त्या म्हणाल्या. "काचबिंदू आहे मला. कडेचं दिसणं गेलंय, मधलं उरलंय. तेही फार दिवसांचं नाही म्हणतात डॉक्टर." आणि लगेच माझ्या पानाकडे वळून, "हे स्वल्पविराम कुणी पेरलेत? पाऊस झालाय नुसता."

दुकानात लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा टाइप होत. शेजारच्या इमारतीतले बापूराव, बसवाहक म्हणून निवृत्त झालेले, दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या खात्याविरुद्ध तक्रार घेऊन यायचे. त्यांच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा खुर्ची ओढत ते म्हणाले, "डोळ्यांशिवाय टायपिंग? मग मीपण गुडघे गेल्यावर पर्वती चढीन म्हणतो."

"गुडघे होते तेव्हा कितीदा चढलात, अहो?" ताईंनी विचारलं आणि त्यांचा कागद मागायला हात पुढे केला.

ताईंचा मुलगा बुद्धभूषण आयटीत होता. दुकान बंद कर, असं आधी त्यानं सांगून पाहिलं. मग तो नाद सोडून एका रविवारी येऊन बसला आणि आईच्या कॉम्प्युटरवर एक मोफत सॉफ्टवेअर टाकून दिलं. पडद्यावर जे असेल ते हे सॉफ्टवेअर मराठीत वाचून दाखवायचं. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की पडद्यावरचा मजकूर भिंगाखाली धरल्यासारखा मोठा होतो, हे ताईंना आधीपासून ठाऊक होतं. पण भिंगालाही शेवटी डोळा लागतो. हे नवं तसं नव्हतं. त्यांनी बापूरावांनी फोनवरून पाठवलेली एक तक्रार उघडली, आणि यंत्र सपाट सुरात खडखडीत वाचत सुटलं. "बापूरावांपेक्षा कमी चिडतंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ती फाइल उघडली.

ताईंच्या सासूबाई, कांताबाई, वारून काही वर्षं झाली होती. हडपसर गाव होतं तेव्हापासूनच्या आठवणी दुपारच्या वेळी त्या दुकानात बसून सांगायच्या आणि ताई ऐकता ऐकता टाइप करायच्या. मळ्यातली मजुरी, विहीर, धम्मदीक्षेनंतर घरातून निघालेले देव, प्रौढवर्गात पहिल्यांदा केलेली सही. त्याचं पुस्तक करायचं ठरलं होतं, राहून गेलं. रेकॉर्डिंग कुणी केलं नव्हतं. कांताबाईंचं बोलणं उरलं होतं ते त्या फाइलमध्येच, आणि नजर गेल्यावर ते ऐकता यावं एवढंच ताईंना हवं होतं.

यंत्र वाचू लागलं. डब्ल्यू, एफ, कंस, डॉलर, के.

ताईंनी आवाज बंद केला, पुन्हा चालू केला. तेच.

बुद्धभूषणच्या लक्षात आलं. आई वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये टाइप करत आली होती. त्या फाँटमध्ये अक्षरं दिसायला मराठी, पण यंत्राच्या लेखी आत इंग्रजी अक्षरं आणि खुणाच. त्यांच्यावर मराठीचा मुखवटा. माणसाचा डोळा मुखवटा वाचतो, यंत्र आतलं वाचतं. टायपिंगच्या धंद्यात तेव्हा सगळेच तसं करत. कागदावर छापून हातात दिलं की काम संपायचं.

"सासूबाईंना इंग्रजी बोलायला लावलं मी," ताई म्हणाल्या. त्यांनी आवाज बंद केला. मग म्हणाल्या, "हे बदलता येत असेल ना?"

बदलता येत होतं. इंटरनेटवर फुकट मिळणारे कन्व्हर्टर असतात. एका चौकटीत जुना मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या चौकटीत तोच युनिकोडमध्ये येतो. ती मराठी कुठल्याही फोनवर दिसते आणि यंत्रालाही वाचता येते. पण कन्व्हर्टर जोडाक्षरांत अडखळायचा, कुठं वेलांटी शेजारच्याला द्यायचा. मूळ पानाशेजारी नवं ठेवून ओळ न् ओळ डोळ्यांनी पाहणं भाग होतं. म्हणजे नजर आहे तोवरच.

"मी वाचून घेतो, आई."

"तुला सुट्टी कधी असते? आणि त्या कशा बोलायच्या ते मला माहीत आहे. तू त्यांना मगरपट्ट्यातल्या आयटीवाल्यांसारखं बोलायला लावशील."

त्या दिवसापासून सकाळची ती ओळ खोडली की गिऱ्हाईक यायच्या आत एक आठवण तपासायची, असा नेम झाला. नव्या मराठीसाठी त्यांनी टाइपरायटरच्याच मांडणीचा कीबोर्ड निवडला, म्हणजे बोटांना नवं शिकायला नको. तीच तीच चूक सगळीकडे दिसली की कंट्रोल आणि एच दाबून सगळी एकदम बदलून टाकायच्या.

त्यातच एकदा घात झाला. घाईत त्यांनी अर्धंच अक्षर शोधायला दिलं आणि 'सगळीकडे बदला' दाबलं. चांगले शब्दही मोडले. ते ध्यानात न येता फाइल बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्या पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. दोन महिन्यांच्या कामाच्या ठिकऱ्या झालेल्या. मी बुद्धभूषणला फोन लावला.

"फाइल ऑनलाइन ठेवलीये ना मी," तो म्हणाला. "फाइलच्या मेन्यूत व्हर्जन हिस्ट्री बघ. जुनी तारीख निवड, रिस्टोअर कर."

मी केलं. कालच्या सकाळची फाइल जशीच्या तशी परत आली. ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "माणसांना नाही ही सोय," म्हणाल्या आणि पुढचं पान उघडलं. त्यानंतर मोठा बदल करण्याआधी त्या फाइलची प्रत काढून ठेवू लागल्या. प्रत्येक गिऱ्हाइकालाही बजावू लागल्या. बापूरावांच्या तक्रारींच्यासुद्धा प्रती निघाल्या.

हिवाळा सरता सरता मधलंही अंधुक झालं. मोठी केलेली अक्षरं आणखी मोठी करावी लागली, मग एका वेळी एकच शब्द पडद्यावर मावू लागला. तरी त्या शब्दामागून शब्द ओढत राहिल्या. शेवटच्या आठवणीला त्यांनी मला शेजारी बसवलं. मूळ पान मी वाचायचं, नवं यंत्रानं. दोन्ही कानांनी त्या पडताळा घेत होत्या. एके ठिकाणी मी 'आहे' म्हटलं.

"तसं लिहिलंय?"

मी पाहिलं. 'हाय' होतं.

"मग तसंच वाच. त्यांना सुधारायला तू कोण?"

शेवटची ओळ जुळली. ताईंनी तर्जन्या उंचवट्यांवर टेकवल्या, फाइल सेव्ह केली आणि यंत्राला पहिल्यापासून वाचायला लावलं. सपाट, खडखडीत आवाज दुकानात फिरू लागला. "हिरीत पानी हाय, पर दोर दुसऱ्याच्या हातात हाय."

दारात बापूराव नवा कागद घेऊन उभे होते. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"सासूबाई," ताई म्हणाल्या. "जरा सर्दी झालीये त्यांना."

बापूराव हसले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाकावर बसले. यंत्र मळ्यातून प्रौढवर्गापर्यंत आलं. दुपार कलली, समोरच्या इमारतींच्या मधून ऊन आत शिरलं आणि ताईंच्या हातांवरून कीबोर्डवर आलं. हातांना ऊब लागली तशी त्यांनी मान थोडी वळवली.

"शटर अर्धं खाली ओढ गं," त्या म्हणाल्या. "स्क्रीनवर ऊन येतंय."