काळी पट्टी गोळीची

नारायणगुड्याचे नामदेवराव हयातभर हार्मोनियम दुरुस्त करत आले. वडील परभणीकडे निझामाच्या राज्यात ज्वारी पिकवायचे, मी सूर पिकवतो, असं ते सांगत. ऐकणारा हसला नाही तर पुन्हा सांगत. पण बाजार खुला झाला, बाहेरचे बॅटरीवरचे कीबोर्ड आले आणि पेटीचा भाता दाखवायला कुणी येईना. नामदेवराव आठवडाभर रुसले. मग टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचे मोडके जॉयस्टिक दुरुस्त करायला बसले.

त्यांचं लाडकं गिऱ्हाईक चिक्कडपल्लीच्या सावित्रीबाई. हायकोर्टातून निवृत्त झालेल्या शिरस्तेदारांची पत्नी, वय चौसष्ट, बोटांत संधिवात आणि व्यसन विमानं पाडण्याचं. इवलीशी बटणं दाबवेनात, म्हणून नामदेवरावांनी त्यांना हार्मोनियमच्या पट्ट्या बसवलेली फळी करून दिली. पांढऱ्या पट्ट्यांनी विमान वळायचं, काळीने गोळी सुटायची. बाई अशा सुटल्या की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना एका हाताने कुंकू आणि दुसऱ्या हाताने गोळीबार.

पुढे बाईंच्या मुलाने नव्या कंपनीचं गेमचं मशिन आणलं. त्याला फळी लावली की टीव्ही काळा आणि मशिनवर लाल दिवा. नामदेवरावांनी आधी ते मशिन दोन दिवस उन्हात ठेवलं, ओल धरलेली पेटी ठेवतात तसं. मशिन तापलं, दिवा लालच.

कंपनीचा माणूस युवराज, मलकपेठेचा, गळ्यात टाय, कारण सांगून गेला. कंपनीच्या जॉयस्टिकमध्ये ओळख पटवणारी चिप असते. ती नसलेलं काहीही मशिन आत घेत नाही. लोक नकली माल लावून मशिन जाळतात आणि भांडायला आमच्याकडे येतात, असंही तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. अशी दोन जळकी मशिनं नामदेवरावांच्याच दुकानात पडली होती.

सावित्रीबाईंनी मात्र त्यांनाच धरलं. "आता मी काय भजनी मंडळात जाऊ, नामदेवराव?"

हे त्यांना झोंबलं. ते दुकानात येऊन बसले आणि मग एकदम उठले. पेटीचं लाकूड कुजलं तर आतले पितळी सूर कुणी फेकत नाही, नव्या पेटीत बसवतात. त्यांनी मशिनबरोबर आलेला कंपनीचा जॉयस्टिक उघडला, चिपसकट आतली सर्किटची पाटी अलगद काढून फळीत बसवली, पट्ट्यांच्या तारा तिला जोडल्या आणि फळी काखेत मारून चिक्कडपल्ली गाठली. दिवा हिरवा झाला. मशिनला आत आपलंच माणूस दिसलं, बाहेर पट्ट्या कुणाच्या याचं त्याला काय.

खबर लागून युवराज पुन्हा आला. कंपनीचं सील तुटलेलं पाहून त्याचा चेहरा पडला. "काकू, आता गॅरंटी गेली."

"जाऊ दे. जळलं तर तुझ्या दारात येणार नाही, लिहून देते," सावित्रीबाई खेळ न थांबवता म्हणाल्या. "पण पैसे मोजून घेतलेल्या मशिनला बोट कसं लावायचं, हे कंपनी कायकू ठरवणार?"

युवराजने गॅरंटी सोडल्याचा फॉर्म पुढे केला. बाईंना सही करायला फुरसत नव्हती. नामदेवराव मागे उभे राहून शागिर्दाला सांगावं तसं "काळी, काळी, आता पांढरी" करत होते. शेवटचं मोठं विमान पडेपर्यंत युवराज फॉर्म धरून उभा राहिला. ते पडलं तेव्हा टाय सैल करून तो नामदेवरावांना म्हणाला, "उस्ताद, जरा सरका, नीट दिसत नाही."

सही त्या दिवशी राहूनच गेली.