उन्हाळ्यात वर काढलेली लाँच

जुनी लाकडी लाँच घेऊन तिच्यावर राहावं असं ज्यांच्या मनात येतं, ते हल्ली मला फोन करतात. कुणाला खाडीत पर्यटक ठेवायचे असतात, कुणाला नुसतीच हौस. मी लाँचवर राहिलेला माणूस, म्हणून सल्ला माझा. मी आधी सांगतो, घेऊ नका. मग ते हसतात, आणि मी पुढचं सांगायला लागतो.

घ्यायचीच असेल तर रंगावर जाऊ नका. रंग विकण्याच्या आदल्या आठवड्यातला असतो. खाली वाका, तळाच्या फळीला खिळ्याचं टोक लावून दाबा. टोक सहज आत गेलं तर मालकाचा चहा प्या आणि घरी या. इंजिन थंड असताना चालू करायला सांगा, गरम इंजिन सगळ्यांचंच चालू होतं. आणि परमुलखात असाल तर कागदावर नाव कुणाचं ते विचारा. आमच्या लाँचच्या कागदावर कफीलचं, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही सौदीत होतो त्या तिथल्या माणसाचं, नाव होतं. पैसे भाईचे, मेहनत आम्हा दोघांची, नाव त्याचं. सौदीत परक्या माणसाला लाँच स्वतःच्या नावावर घेताच येत नव्हती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. माणूसही भला होता.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्याचं. मिसरूड फुटायच्या आत भाई तिकडे गेला आणि कतीफच्या बाजूला मासेमारीच्या लाँचवर लागला. मी मागून गेलो आणि धाहरानजवळ एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर झालो. मला एसी होता, कंपनीची बस होती, आणि भाईपेक्षा आपण एक पायरी वर आहोत असा माझा समज होता.

मग सौदीकरण जोरात आलं. सौदी माणसं कमी असलेल्या कंपनीला सरकारी यादीत लाल रंग मिळायचा, आणि लाल रंगाच्या कंपनीत इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नवा होत नसे. आमची कंपनी लाल झाली. माझ्या जागी एक सौदी मुलगा आला. गोदाम मीच त्याला शिकवलं. तो दिवसभर 'शुक्रान' म्हणायचा, त्यामुळे त्याचा धड रागही करता येईना. माझं काम सुटलं त्याच हिवाळ्यात भाईने ही लाँच घेतली होती. कफीलने माझा इकामा आपल्याकडे वळवून घेतला. एका वाक्यात सांगायचं तर मी एसीतून थेट डिझेलच्या वासात आलो.

राहण्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून सांगतो. गॅसचं सिलिंडर आत ठेवायचं नाही, मागे उघड्यावर बांधायचं. आत गळला तर गॅस तळाला जाऊन बसतो, आणि बिडी ओढणारा एक तरी असतोच. पिण्याचं पाणी दोन वेगळ्या पिंपांत ठेवा, एक खराब झालं तर दुसरं असतं. तांदळाचं पीठ डब्यात घालून वर प्लास्टिक बांधा, तरी भाकरीला खारट वास येणारच. भाई म्हणायचा की मीठ वाचतं. गादी रोज उन्हात टाका. उन्हाळ्यात आत झोपण्याचा विचारही करू नका, टपावर ओली चादर अंगावर घेऊन पडा, ती पाठ टेकेपर्यंत वाळते. झुरळांशी भांडण करू नका, ती आपल्या आधीपासून तिथे असतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, सकाळी उठल्यावर चहाच्या आधी तळावर टाकलेली सुटी फळी उचलून खाली पाणी किती आलंय ते बघा. लाकडी लाँचमध्ये पाणी येतंच, किती येतं एवढाच प्रश्न असतो. भाई ती फळी रोज उचलायचा.

भाई त्या लाँचवर खूष होता, हे मला सांगितलंच पाहिजे. गावाला त्याचं मोठं घर होतं, पण ते त्याच्या पैशाने त्याच्या मुलांनी बांधलेलं. दोन वर्षांनी रजेवर गेला की मुलं त्याच्याशी पाहुण्यासारखी वागायची. त्याला कुठल्या खोलीत झोपवायचं यावर सुनांची कुजबुज चालायची. "मना तिथं काय काम नाय रे," तो म्हणायचा. लाँचवर मात्र प्रत्येक दोरी त्याने बांधलेली होती. शरीर चालेल तोवर तिथेच राहायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी लागत होता इकामा, आणि इकामा टिकायला लाँच समुद्रात जायला हवी होती.

कोळंबीची बंदी लागली आणि आमच्या हातून ती गोष्ट झाली. आमच्या गावात मिरगाच्या आधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, वर माडाच्या झावळ्यांचे झाप घालून झाकतात, आणि नारळी पुनवेला पुन्हा पाण्यात घालतात. बाप हेच करायचा, त्याचा बापही. काम नाही तर होडी वर, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भाईने क्रेन सांगितली. कफील आला, डोक्यावरचा रुमाल सारखा करत त्याने विचारलं, "ऊपर क्यों, सदीक?" सदीक म्हणजे दोस्त. भाई म्हणाला, "आराम करेगी." कफीलने मान हलवली. समुद्रातलं त्याला फारसं कळत नव्हतं, त्याची खजुराची बाग समुद्रापासून लांब, हुफूफला होती. धक्क्यावर बाकीच्या लाँची फायबरच्या होत्या, त्यामुळे चार शब्द सांगणारंही कुणी भेटलं नाही. आणि खरं म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला होडीबद्दल दुसऱ्याला विचारायची सवय नसते.

लाकडी ठोकळ्यांवर ती उभी राहिली. झाप कुठून आणणार, ताडपत्री घातली. आम्ही तिच्यावरच राहत होतो, चढायला शिडी होती. तळाचे शिंपले खरवडले, तेल लावलं. जूनचा तो कोरडा वारा सुरू झाला, तोंडात वाळू आणणारा. संध्याकाळी ऊन उतरलं की फळ्यांमधून टक टक आवाज यायचा. "सुकतेय," भाई समाधानाने म्हणायचा. मीही मान डोलवायचो. गावाला होडी वर काढतात तेव्हा झापांखालीही पावसाळी हवा तिला दोन-तीन महिने भिजवत असते, ती किनाऱ्यावर असून ओलीच राहते, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इथे आम्ही तिला तव्यावर ठेवली होती.

एका सकाळी मी आत भांडी घासत होतो, तर माझ्या हातावर उन्हाची एक सरळ रेघ पडली. फळ्यांच्या मधून ऊन आत येत होतं. मी भाईला हाक मारली. त्याने येऊन त्या फटीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्या दिवशी तो जेवला नाही.

म्हणून सांगतो, लाकडी लाँच उन्हाळ्यात वर काढू नका. काढलीत तर आठवड्याच्या आत परत घाला, आणि रोज बाहेरून पाणी मारा. फटी पडल्याच तर तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, पण गच्च नाही. गच्च ठासलात तर लाकूड फुगल्यावर फळीच उखडते. हे भाईला ठाऊक होतं. आम्ही कापूस ठासला, पिंपंच्या पिंपं पाणी ओतलं. फटींत वाळू बसली होती, ती खिळ्याने काढत बसलो. बंदी उठायच्या आदल्या दिवशी लाँच पाण्यात उतरवली, आणि पाणी असं आत आलं की पंप लावूनही तळावरची सुटी फळी तरंगायला लागली.

आता नवा नियम असा होता की समुद्रात जाताना लाँचवर एक सौदी माणूस हवाच. आमच्याकडे कफीलचा पुतण्या यायचा होता. तो आला, स्वच्छ पांढरे बूट घालून. प्लास्टिकच्या क्रेटवर बसला आणि मोबाईल काढला. थोड्या वेळाने त्याने पायाकडे पाहिलं. बूट पाण्यात होते. त्याने आरडाओरडा केला नाही. उठून धक्क्यावर गेला आणि तिथून भाईला म्हणाला, "मैं मरने को नहीं आया." त्याचं काय चुकलं? मीही तेच म्हटलं असतं. पण तो नाही म्हणजे समुद्र नाही, आणि बुडणाऱ्या लाँचवर दुसरा कुठला सौदी चढणार होता?

बाकीच्या लाँची गेल्या, भरून आल्या, पुन्हा गेल्या. भाई पंपाजवळ बसून राहिला. "फुगेल," म्हणायचा, "लाकूड फुगायला टाइम लागतो." मला त्याचा भयंकर राग यायचा, कारण तो बरोबर बोलत होता. लाकूड फुगतंच. पण मासेमारीच्या परवान्याच्या मुदतीला लाकडाशी काय देणंघेणं? कफील पुष्कळ थांबला. आमच्यासाठी खजूर आणायचा, चहा प्यायचा, आणि पाण्याकडे बघून उठून जायचा. शेवटी आला तेव्हा उभ्यानेच बोलला. परवाना पुतण्याच्या फायबरच्या लाँचला दिला होता. आमच्या दोघांच्या इकाम्यावर खुरूज पडला होता, म्हणजे कायमचं घरी. "खलास, सदीक," तो म्हणाला, आणि त्याने भाईचा हात बराच वेळ सोडला नाही.

निघायच्या दिवशी टॅक्सी धक्क्यावर उभी होती. मी दोन बॅगा वर आणल्या. भाई म्हणाला, "थांब, पानी बघून येतंय." मी म्हणालो, "आता काय बघताव भाई, चला." तो खाली गेला. बराच वेळ वर येईना म्हणून मी वाकून पाहिलं. तळाची फळी बाजूला ठेवून तो गुडघ्यांवर बसला होता आणि फळ्यांवरून तळहात फिरवत होता. पंप बंद होता.

"एक थेंब नाय," तो म्हणाला. "रात्रीपासून पंप बंद हाय. तरी एक थेंब नाय."

मी टॅक्सीवाल्याला थांबायचा हात केला.

"त्याला फोन लाव. सांग, लाँच तयार हाय."

मला माहीत होतं की शिक्का पडल्यावर फोनने काही होत नसतं, भाईलाही माहीत होतं. तरी मी लावला, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. कफील फोनवर खरोखर खूष झाला. "माशाल्ला," म्हणाला, "मबरूक." मग किल्ली शेजारच्या लाँचवर द्यायला सांगितली.

"काय म्हनतो?" भाईने खालून विचारलं.

"किल्ली शेजारी द्यायला सांगितलीय," मी म्हणालो. त्याने फळी उचलली, जागेवर नीट बसवली, आणि वर येण्यासाठी माझ्याकडे हात केला.