दुसऱ्याची नजर

सोनकांबळे शिकवायला बसले की स्वतःच मशीन व्हायचे. चेहरा कोरा, हात मांडीवर. आम्ही भरलेला तक्ता समोर धरायचा. ते एकेक चौकोन वाचत जायचे आणि चूक आली की तिथंच थांबायचे. हाक मारा, हलवा, उत्तर नाही. चहा पुढं केला तर म्हणायचे, "मशीन च्या पीत न्हाई. चूक काढा."

सत्तरच्या दशकात वसमतला आमची लहानशी सरकारी कचेरी होती. गावोगावच्या शेतीपाहणीचे फॉर्म यायचे. त्यातली माहिती आकड्यांच्या खुणांत मांडून मुंबईच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची. मुंबईला जाऊन ते शिकून आलेले एकटे सोनकांबळे. आम्हा आठ कारकुनांना तयार करायचं काम त्यांच्याकडे होतं. बौद्धवाड्यातला माणूस आपल्या चुका काढतो, हे काहींना सलायचं. मलाही. मी हट्टा गावच्या पाटलांच्या घरातला. ते हसून म्हणत, "पाटील, मशीनला आडनाव वाचता येत न्हाई. तिला आकडा बराबर पायजे, बस."

त्यांचा नियम एकच. प्रत्येक तक्ता दुसऱ्यानं तपासायचा आणि कोपऱ्यात छोटी सही करायची. "आपली चूक आपल्याला लेकरावानी असती. वंगाळ दिसतच न्हाई."

एके दिवशी त्यांनी मला एकाच तक्त्यासाठी तीनदा परत पाठवलं. "पाटील, पाटी आणू का?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. चौथ्यांदा मी गेलोच नाही. उरलेल्या तक्त्यांवर त्यांची सही मीच केली आणि ते तपासलेल्या गठ्ठ्यात सरकवले.

मुंबईहून सगळं काम परत आलं. माझे आकडे एक चौकोन पुढं सरकले होते. ज्वारीच्या जागी विहिरी मोजल्या गेल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "ही सही कुणाची?" सोनकांबळ्यांनी कागद हातात घेऊन कोपऱ्यातली सही बघितली. मी शेजारीच उभा होतो.

"माझी हाय, साहेब."

त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. शिकवायचं काम मला मिळालं. पुढं पुण्यात मी कॉम्प्युटरवाल्यांच्या कितीतरी तुकड्या घडवल्या, त्यांचाच नियम माझा म्हणून सांगत. त्यांनी माझी खोटी सही ओळखली आणि तरी मला पाठीशी घातलं, अशी माझी समजूत होती. ती सोयीची होती.

ते वारल्यावर मी आखाडा बाळापूरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "त्या कामानंतर कुणाला शिकवलं न्हाई त्यांनी. शेजारची पोरं गणित घेऊन यायची, तर म्हनायचे, 'माझी नजर कच्ची हाय, दुसऱ्याकडं जावा.' मरेस्तोर तेच. माझ्याच नजरेतून सुटलं म्हनायचे."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

"म्हंजी ते चुकलेच नव्हते?"

"नाही."

"मंग हे त्यांना काहून न्हाई सांगितलं, भाऊ? ते हितंच तर होते."

मी दर दिवाळीला गावी येत होतो.