सुनीताताईंचा ब्रेक

संघटनेचा सचिव झालं की पगार वाढत नाही, किस्से तेवढे वाढतात! मागण्या फाइलीत पडून राहतात आणि किस्से चहाच्या टपरीपर्यंत पोचतात. खामगावच्या आमच्या कॉलेजात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची संघटना चालवताना माझ्याकडे ते इतके साठलेत, की घरचे आता ऐकत नाहीत. म्हणून तुम्हाला धरलंय.

* * *

आमचं अलीकडचं आंदोलन एका बाईसाठी होतं. सुनीताताई केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट. उंद्रीहून एसटीने येतात. वर्षानुवर्षं हंगामी. दर सत्र संपलं की त्यांना एका दिवसाचा 'ब्रेक' मिळायचा. म्हणजे त्या दिवशी नोकरी नाही, दुसऱ्या दिवशी नव्याने नेमणूक. सेवा सलग धरली जाऊ नये, म्हणून ही युक्ती! हंगामी माणसाला रजाही नसते. अंगात ताप असला तरी ताई हजर, कारण आपल्या जागेवर दुसरी बाई बसेल ही कायमची धास्ती.

एकदा ब्रेकच्याच दिवशी तपासणी समिती येऊन धडकली. प्राचार्यांनी ताईंना फोन लावला, "ताई, तासाभरासाठी येऊन जाता का?"

"हाव सर. पन आज मी कोन म्हनून येऊ?"

प्राचार्यांनी फोन ठेवला. आम्हाला मात्र आंदोलन सुचलं.

* * *

सुरुवात लेखणीबंदने केली. आमचा शिपाई गजू म्हणाला, "माह्याजवळ लेखनीच नाई. मी काय बंद करू?"

आमचे अध्यक्ष रामभाऊ, लायब्ररीतले, आवाज एकदम भारदस्त. म्हणाले, "तू घंटा बंद कर बे!"

घंटा वाजली नाही. इतिहासाच्या सरांना घड्याळ बघायची सवय नाही, त्यामुळे त्यांचा तास जो सुरू झाला तो संपेचना. सर रंगात आलेले, पोरं घामाघूम. शेवटी पोरंच आमच्याकडे आली.

"काका, ताईले कायम करा म्हनून आमी बी निवेदन देतो. पन आधी घंटा वाजवा!"

विद्यार्थ्यांचा पाठिंबा इतक्या मनापासून कुठल्याच संघटनेला मिळाला नसेल.

* * *

मग साखळी उपोषण. रामभाऊंनी पहिला दिवस मुद्दाम सोमवारचा धरला. म्हणाले, "अर्ध्या लोकायले तसाबी उपासच असते."

गेटसमोर सतरंजी टाकून बसलो. दुपारी रामभाऊंच्या घरून डबा आला. साबुदाण्याची खिचडी, वर दही. रामभाऊंनी बाही सरसावली आणि सुरू!

मी ओरडलो, "भाऊ, काय करून राह्यले?"

"काऊन? उपासाचीच तं हाये!"

तेवढ्यात वार्ताहर कॅमेरा घेऊन हजर. मी घाईघाईने डब्यासकट रामभाऊंच्या तोंडापुढे बॅनर ओढलं. दुसऱ्या दिवशी फोटो छान आला. 'माघार नाही' अशी मोठी अक्षरं, आणि मागे आमचे अध्यक्ष घास चावतायत, हे फक्त आम्हाला माहीत.

* * *

अखेर प्राचार्यांनी चर्चेला बोलावलं. मागणी मान्य होईपर्यंत केबिनचा चहा घ्यायचा नाही, असं आमचं ठरलेलं. पण केबिनची ड्युटी गजूची! त्याने ट्रे आणला, सगळ्यांपुढे कप ठेवले, खुर्ची ओढली आणि आमच्या रांगेत बसला.

प्राचार्य म्हणाले, "गजू, तू इथे?"

"चहा आनला तवा शिपाई होतो सर. आता संघटनेकडून बसलो." आणि आमच्याकडे वळून दटावलं, "कोनी पिऊ नोका!"

प्राचार्य खो खो हसले. खुर्चीतला अवघडलेपणा गेला आणि माणूस बोलायला लागला. "मीही सुरुवातीला हंगामीच होतो हो," म्हणाले. ताईंचा प्रस्ताव त्यांनी संस्थेपुढे स्वतः मांडला, पाठपुरावाही केला.

आदेश निघाला. सुनीताताई कायम! ताई रडल्या, गजू रडला, रामभाऊंनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. मला तर स्वतःच्या बढतीला एवढा आनंद झाला नव्हता.

* * *

पुढे सत्र संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर लॅबला कुलूप, ताईंचा पत्ता नाही. कधी न चुकणारी बाई! मी तिथूनच फोन लावला.

"ताई, कुठे आहात? तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाये भाऊ. वावरात हाये. आज माहा ब्रेक नाई का?"

"अहो ताई, तुम्ही कायम झालात! आता कसला ब्रेक?"

मग घाबरत घाबरत, "मंग आता काय होते हो?"

"काही होत नाही. एक रजा लागेल, बस."

"मले रजा लागते?"

"लागते की. हक्काची आहे!"

फोनमध्ये लांबवर कुणीतरी बैलाला हाकारत होतं. मग ताईंचा आवाज आला, चांगला ठणठणीत.

"मंग दोन दिवसाची लावा, भाऊ!"