खुनी पहिल्याच पानावर

वाचनालयात ह्यांची नवी रहस्यकथा आली की आठवडाभरात कुणीतरी मेला पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा, 'खुनी: मामा'. आमचे हे, मुरलीधर, रविवारी खोडरबर घेऊन जायचे आणि तेवढं खोडून यायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढी पुस्तकं लिहिलीत आणि खोडत काय बसता? तर म्हणायचे, ज्याने पुस्तक घरी नेलंय त्याला शेवटच्या पानापर्यंत धाकधूक वाटली पाहिजे.

मला मात्र कधी वाटली नाही. ह्यांना आधी सांगितल्याशिवाय लिहिताच यायचं नाही, त्यामुळे प्रत्येक खुनी मला आमटी वाढतानाच कळायचा. एकदा तरी मला न सांगता लिहा, म्हणून मी जन्मभर भांडले.

२०२० मध्ये लेकीकडे, चारुताकडे, परदेशात पॉइंट कुकला आलो आणि विमानं बंद पडली. घरापासून पाच किलोमीटरच्या आत काय फिरायचं ते फिरा, नाहीतर बसा घरात. चारुताने बाबांची एक कथा इंग्रजीत करून लॉस एंजेलिसच्या एका निर्मात्याला पाठवली. त्याला अशीच, पण नवी गोष्ट हवी होती, एका घरात चार नटांत उरकणारी. झालं! सत्तरीत हे हॉलीवूडचे पटकथालेखक. गॅरेजमध्ये बसून मराठीत लिहायचे आणि चारुता ऑफिसचं काम संपलं की भाषांतर करायची.

आणि जेवताना चिडीचूप. म्हणाले, "ही तुझ्यासाठी. शेवट पडद्यावरच बघ." मी खोदून खोदून विचारलं, चारुतालाही छळलं, पण दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या वर्षी, पुन्हा लॉकडाऊन असताना, सिनेमा टीव्हीवर आला. मी शिरा केला, ठेवणीतली साडी नेसले. ह्यांनी रिमोट दाबला आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्याचं जाहिरातीचं चित्र पडदाभर उमटलं. गोड चेहऱ्याची नर्स म्हाताऱ्याच्या तोंडावर उशी दाबतेय. वाचनालयातला तो मेला निदान पेन्सिलीने तरी लिहायचा. हे कशाने खोडायचं?

चारुताने तिथल्या तिथे निर्मात्याला फोन लावला. तो म्हणे, असं चित्र असलं की लोक पटकन क्लिक करतात. जळलं मेलं त्याचं क्लिक! माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं होतं, त्याची ह्या माणसाने माती केली.

ह्यांचा चेहरा पार उतरला. मी म्हटलं, "लावा की. मला काही दिसलं नाही, चष्मा कुठे आहे माझा?"

ह्यांनी जवळ येऊन माझ्या नाकावरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत नाकावर ठेवला. म्हणाले, "आता बघ."

सिनेमाभर ह्यांची नजर पडद्यावर नव्हतीच, माझ्यावर होती. शेवटी नर्सने उशी उचलली आणि मी तोंडावर पदर दाबून धरला. संतापाने ओठ थरथरत होते माझे.

"घाबरलीस?" ह्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं.