खाकी कव्हरं काढली, बरं केलं

आमच्या वाचनालयात पुस्तक आलं की आधी त्याला खाकी कव्हर घालायचं. मुखपृष्ठ मळू नये म्हणून. मग पाठीवर कागदाची पांढरी चकती चिकटवून तिच्यावर नंबर टाकायचा. कादंबरी असो नाहीतर शेतीचं पुस्तक, कपाटात सगळी एकसारखी, गणवेश घातल्यासारखी. सोलापुरात या वाचनालयाची मी ग्रंथपाल, आणि मलाही यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मागच्या खोलीत तेलुगू पुस्तकांची कपाटं होती. शहरातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांनी पूर्वी दिलेली. एका सभेत कार्यवाहांनी विषय काढला, "तिकडं कोण फिरकतं? सगळी जुनी पुराणं. रद्दीत घालू आणि तिथं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढू." सगळ्यांनी माना डोलावल्या. "वाचकांना विचारू तरी," मी म्हटलं. कार्यवाह हसले. "मॅडम, वाचक असते तर विचारलं असतं की." पुढच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी रद्दीवाला येणार, हेही तिथंच ठरलं.

माझं डोकं फिरलं. लोक येत नाहीत म्हणे. येऊन करणार काय? कपाटाला कुलूप, पुस्तकाच्या अंगावर खाकी कागद, यादी मराठीत, आणि काउंटरवर नंबर सांगितल्याशिवाय पुस्तक हातात पडत नाही. असल्या दुकानातून मी साधा हातरुमालसुद्धा घेतला नसता.

मला तेलुगू वाचता येत नाही, पण माझ्या मोबाइलला येतं. हैदराबादला गेले होते तेव्हा पाट्यांवर कॅमेरा धरून मी शहर पालथं घातलं होतं. तोच उपाय इथं करायचा, असं ठरवून कपाट उघडलं आणि मोठ्या तोऱ्यात फोटो काढला. फोटोत आलं काय, तर खाकी कागद आणि नंबर. मोबाइल बिचारा वाचणार काय? आम्ही पुस्तकं इतकी जपली होती की ती कुणालाच ओळखू येत नव्हती.

मी कात्री घेतली आणि खाली बसकण मारून एकेक कव्हर काढायला लागले. शिपायानं दारातून बघितलं आणि जाऊन सांगितलं. कार्यवाह तरातरा आले. "हे काय चालवलंय? पुस्तकं खराब होतील."

"रद्दीत जाऊन काय चांगली होणार आहेत?"

"मला तुम्हाला नोटीस द्यावी लागेल."

"द्या की," म्हटलं आणि पुढचं पुस्तक उचललं.

जुनी पुराणं म्हणे! आतून निघाल्या रहस्यकथा, पिस्तूल रोखलेले हॅटवाले, विहिरीच्या काठावर बसलेलं भूत, आणि प्रेमकथा तर ढिगानं. मी मुखपृष्ठं मांडून फोटो काढले आणि कपाट, कप्पा लिहून इंटरनेटवर चढवले. मग चौकोनी कोडचे कागद छापून अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यांपाशी, विडी कारखान्याच्या भिंतीवर, चहाच्या टपऱ्यांवर चिकटवत हिंडले. कोडवर मोबाइल धरायचा, चित्रं बघायची, आवडेल त्यावर बोट ठेवायचं. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते लगेच दिसतं.

आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नाही. कार्यवाह रोज डोकावून म्हणायचे, "आज लई गर्दी दिसते." मी मुद्दाम त्यांच्यासमोर कपाटं पुसत बसायचे.

मग एका दुपारी एक बाई आल्या. बोटांना तंबाखूचा वास, हातात मोबाइल. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. पडद्यावर विहिरीवरचं भूत होतं. "हे पायजे."

मी पुस्तक काढून दिलं. त्यांनी तिथंच उभ्यानं पहिलं पान वाचलं. म्हणाल्या, "आमी बायका एका जागी बसून विड्या वळतो. एकीनं वाचायचं. तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या वळत्यात."

"मग इतकी वर्षं कधी आला नाहीत?"

"आलते की. हितं नंबर इचारला. नंबर मला कुटनं ठावा असणार?"

मला चीड अशी आली की त्यांच्या सभासदत्वाच्या कागदावर सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

त्यांनी ती चित्रं ओळखीच्या बायकांना पाठवली. त्या पिशव्या घेऊन यायला लागल्या. यंत्रमागावरचे कामगार पाळी सुटली की यायला लागले. रहस्यकथा सगळ्यांत आधी संपल्या.

ठरल्या सोमवारी रद्दीवाला टेम्पो घेऊन दारात हजर. कार्यवाहांनी मला खोली उघडायला लावली. कपाटांत वाळवीनं खाल्लेली थोडी पुस्तकं तेवढी पडून होती.

"पुस्तकं कुठायत?"

"लोक वाचायला घेऊन गेलेत."

"परत मागवा."

"मुदत संपली की येतील."

तेवढ्यात त्या विडीवाल्या बाई आल्या. भुताचं पुस्तक वाचून झालं होतं म्हणून परत करायला. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं. कार्यवाहांनी झटकन त्यावर हात ठेवला आणि रद्दीवाल्याला हाक मारली, "हे एक घे."

बाईंनी दारातल्या टेम्पोकडं बघितलं. मग कार्यवाहांच्या हाताखालून पुस्तक ओढून घेतलं आणि पिशवीत टाकलं.

"न्हाय झालं अजून वाचून," त्या म्हणाल्या.

मी तिथल्या तिथं मुदत वाढवून दिली.